खिंडारात उभा राहणारा माणूस

हिब्रू धर्मग्रंथांत ‘नावी’ हा शब्द पहिल्यांदा येतो तो जरा अडचणीच्या प्रसंगात. मराठी बायबलात या शब्दासाठी ‘संदेष्टा’ असं म्हटलेलं असतं. अब्राहाम गरार नावाच्या परक्या मुलखात मुक्कामाला असतो. बायकोपायी इथले लोक आपला जीव घेतील या भीतीनं तो साराला आपली बहीण म्हणून सांगतो. तिथला राजा अबीमलेख तिला वाड्यात आणवतो. रात्री देव राजाच्या स्वप्नात येऊन बजावतो, की ही दुसऱ्याची बायको आहे, तिला परत पाठव. तिचा नवरा नावी आहे, तो तुझ्यासाठी प्रार्थना करील आणि तू वाचशील. गंमत अशी की खोटं बोलला अब्राहाम, फसला तो राजा, आणि आता राजासाठी देवाकडे बोलायचं तेही अब्राहामानंच! पण ही गंमत बाजूला ठेवून शब्दाकडे पाहावं. संदेष्टा हा शब्द जिथे प्रथम उच्चारला जातो तिथे भविष्यकथन नाही, चमत्कार नाही. दुसऱ्यासाठी ज्याची प्रार्थना ऐकली जाते तो, एवढीच त्याची ओळख दिलेली आहे. शिवाय तो निर्दोष असतो असंही नाही.

संदेष्टा म्हटलं की आपल्या मनात येतो तो भविष्य वर्तवणारा, किंवा देवाचा निरोप घेऊन येणारा. निरोप आणणं हे त्याचं काम आहेच. पण हिब्रू ग्रंथांतला संदेष्टा एकाच दिशेनं चालत नाही. वरचा निरोप तो खाली आणतो आणि खालच्यांची बाजू वर नेऊन मांडतो. ही दुसरी खेपही पहिलीइतकीच त्याच्या कामात धरलेली असते. दुसऱ्यासाठी केलेल्या अशा विनवणीला आपण मध्यस्थी म्हणतो, रदबदली म्हणतो. दोन्ही शब्दांना कचेरीचा वास आहे. साहेबाच्या ओळखीतला कुणी गाठायचा, त्याला शब्द टाकायला सांगायचं, नियम थोडा वाकवून काम करून घ्यायचं, हे चित्र त्यांच्या मागोमाग येतं. हिब्रू ग्रंथांतली रदबदली या जातीची नाही, असं मला म्हणायचं आहे. तिथे देवापुढे उभा राहणारा माणूस स्तुती करून मर्जी संपादत नाही. तो वाद घालतो, आणि तोही देवाच्याच शब्दांचा आधार घेऊन. त्याहून नवलाची गोष्ट अशी की हा वाद देवालाच हवा असतो. तो घालायला कुणी पुढे आलं नाही, तर बोल गप्प बसणाऱ्याला लागतो.

पापापायी देवानं नष्ट करायचं ठरवलेल्या सदोम या शहराची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते, पण ती सुरू कशी होते इकडे लक्ष जात नाही. उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात देव स्वतःशीच विचार करतो, की मी जे करणार आहे ते अब्राहामापासून लपवू का? न लपवण्याचं कारणही तो देतो. या माणसानं आपल्या मुलाबाळांना न्याय आणि नीती शिकवावी म्हणून तर त्याची निवड झालेली आहे. ज्यानं पुढे न्याय शिकवायचा, त्याला एका शहराचा निकाल आधी कळायला हवा, असा हा विचार. म्हणजे अब्राहामानं तोंड उघडण्याआधीच त्याच्यासाठी जागा करून ठेवलेली आहे. देवासोबत आलेले दोघे सदोमकडे निघून जातात, आणि अब्राहाम परमेश्वरापुढे उभा राहिला असं वाक्य येतं. या वाक्याबद्दल ज्यू लेखनिकांच्या परंपरेत एक जुनी नोंद आहे. देवाविषयीच्या आदरापोटी लेखनिकांनी जिथे शब्द बदलले अशा अठरा जागा ही परंपरा मोजते, आणि त्यांतली एक हीच. नोंदीप्रमाणे मुळात परमेश्वर अब्राहामापुढे उभा होता. कुणापुढे उभं राहणं म्हणजे त्याच्या सेवेत असणं; देवाबद्दल असं कसं लिहायचं म्हणून नावांची अदलाबदल केली, असा तिचा आशय. मूळ पाठ खरोखर तसाच होता का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण नोंद करणाऱ्याला प्रसंग नेमका कळला होता हे नक्की. देव थांबलेला आहे. याला काही बोलायचं आहे का, याची वाट पाहतो आहे.

मग ते प्रसिद्ध आकडे येतात. गावात ५० निर्दोष माणसं असली तर? इथे अब्राहाम जे मागतो ते नीट वाचायला हवं. त्या ५० जणांना बाहेर काढ आणि बाकीच्यांचं काय करायचं ते कर, असं तो म्हणत नाही. त्यांच्यासाठी सगळं गाव सोड, असं त्याचं मागणं आहे. आधार काय, तर साऱ्या पृथ्वीचा न्यायाधीशच न्यायानं वागला नाही तर कसं, हा सवाल. आपण धूळ आणि राख आहोत हेही तो सांगतो, पण सवाल मागे घेत नाही. पुढची पायरी तर एखाद्या मुरलेल्या वकिलाची आहे. ४५ असले तर, असं तो विचारत नाही. ५० ला पाच कमी पडले तर त्या पाचांपायी गाव बुडवशील का, असं विचारतो. बघता बघता गावाचा नाश पाच माणसांच्या हिशेबावर येऊन ठेपतो. मग ४०, ३०, २० आणि शेवटी १०. याला घासाघीस म्हणायची पद्धत आहे, पण घासाघीशीत दोन्ही बाजू ओढतात. इथे समोरचा एकदाही ओढत नाही. सहाही वेळा लगेच मान्य करतो. या संवादात अब्राहाम आपला पुतण्या लोट याचं नाव एकदाही काढत नाही, हेही ध्यानात ठेवावं. लोट सदोमलाच राहत होता. ओळखीचा उपयोग करायचा तर याहून सोपी जागा नव्हती.

आता थोडं शब्दांकडे. मध्यस्थीसाठी हिब्रूत जी क्रियापदं येतात त्यांतलं एक ‘पागा’. त्याचा मूळ अर्थ गाठ पडणं, आडवं येणं. प्रसंगी तुटून पडणं असाही. याच क्रियापदानं अब्राहाम हित्ती लोकांना आपल्यासाठी शब्द टाकायला सांगतो, बायकोच्या दफनासाठी एफ्रोनची जमीन हवी असते तेव्हा. म्हणजे व्यवहारातला शब्द देवापुढेही तसाच वापरला आहे, पण त्यातला आडवं जाण्याचा जोर गेलेला नाही. प्रार्थना करणं या अर्थी नेहमी येणारं ‘हितपल्लेल’ हे क्रियापद न्यायनिवाड्याशी संबंधित धातूचं आहे, असं बरेच जण मानतात. आणि दयेसाठीचा ‘रहामीम’ हा शब्द ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, याच्या घरातला. अरबीतला याचाच भाईबंद फारसीच्या वाटेनं आपल्याकडे ‘रहम’ होऊन आला. रहामीम म्हणजे काय हे कळायला व्याख्येपेक्षा शलमोनाच्या दरबारातली ती दोन बायकांची गोष्ट बरी. पोर तलवारीनं कापून दोघींत वाटून द्या, असं राजा म्हणतो तेव्हा खऱ्या आईचं रहामीम उसळून येतं असं तिथे म्हटलं आहे, आणि ती म्हणते पोर त्या दुसरीला द्या पण मारू नका. जी स्वतःचा हक्क सोडून दुसऱ्याचा जीव मागते तिच्यासाठी हा शब्द आला आहे.

स्वतःचं सोडून देण्याचा हा धागा सिनाईच्या पायथ्याशी फार स्पष्ट दिसतो. मोशे डोंगरावर आहे, खाली लोकांनी सोन्याचं वासरू करून त्यापुढे नाच मांडला आहे. देव मोशेला म्हणतो, खाली जा, तू मिसरातून आणलेले तुझे लोक बिघडले. एका सर्वनामानं देव हात झटकतो. मग म्हणतो, आता मला सोड, मी यांचा संहार करतो आणि तुझंच मोठं राष्ट्र करतो. मोशेनं त्याला अजून धरलेलं नाही, अवाक्षरही काढलेलं नाही. मग ‘सोड’ कशासाठी? तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, हा धागा बरोबर पकडला. शास्त्रात लिहिलं नसतं तर बोलायचं धाडस झालं नसतं असं म्हणून एक रब्बी सांगतो, की मित्राचं वस्त्र घट्ट धरून ठेवावं तसं मोशेनं देवाला धरलं. सोड म्हणणं हीच खूण होती की धरलं तर मी थांबेन. पोराला शिक्षा करताना बाप मला अडवू नका म्हणतो, तेव्हा कुणीतरी अडवावं अशीच त्याची मनातून इच्छा असते, हे कुठल्याही घरात कळेल.

मोशे काय बोलतो ते पाहा. लोकांची चूक नव्हती असं एका शब्दानं म्हणत नाही. आधी सर्वनाम परत करतो, की हे तुझे लोक, तूच त्यांना मिसरातून आणलंस. मग विचारतो, मिसरी लोक काय म्हणतील, डोंगरात नेऊन मारायलाच यांना काढलं होतं? आणि शेवटी अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना देवानं घातलेल्या शपथेची आठवण देतो. तुझंच मोठं राष्ट्र करतो, ही स्वतःसाठी आलेली देणगी त्यानं उचललेलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तो त्याच्याही पुढे जातो. यांना क्षमा नसेल तर तू लिहिलेल्या पुस्तकातून माझंही नाव पुसून टाक, असं सांगतो. वशिला लावणाऱ्याला दोन्हीकडून काही ना काही मिळतं. इथे मध्यस्थाला देऊ केलेलं नाकारावं लागतं, वर स्वतःचं नाव पणाला लावावं लागतं.

या प्रसंगानंतर निर्गमाच्या ३४व्या अध्यायात देव मोशेसमोरून जाताना आपलं वर्णन स्वतः सांगतो: दयाळू, कृपाळू, रागाला मंद, प्रेमात उदार, अपराधाची क्षमा करणारा, पण दोषाला मोकळं न सोडणारा. ज्यू परंपरेत याला दयेची तेरा लक्षणं म्हणतात. पुढे हेच शब्द देवापुढे ठेवायची वहिवाट पडली. गणनाच्या १४व्या अध्यायात कनान देश हेरून आलेल्यांच्या बोलण्यानं लोक पुन्हा बिथरतात, देव पुन्हा संहाराची भाषा करतो आणि मोशेला पुन्हा तीच देणगी देऊ करतो. तेव्हा मोशे ही लक्षणं थोडी आटोपशीर करून त्याला म्हणून दाखवतो. हमीपत्र देणाऱ्यापुढेच त्याचं हमीपत्र उलगडावं तसा हा प्रकार आहे. तालमूद तर म्हणतं, की देवानं स्वतः प्रार्थनेचं नेतृत्व करणाऱ्यासारखं वस्त्र पांघरून मोशेला हा पाठ शिकवला. ज्याच्याकडे दाद मागायची त्यानंच अर्जाचा मसुदा लिहून दिला!

असं असेल तर गप्प बसणं हा गुन्हा ठरतो, आणि ग्रंथ तसं बोलूनही दाखवतात. संदेष्टा शमुवेल म्हातारा झाला आहे. लोकांनी राजा मागून त्याला एका परीनं बाजूला केलं आहे, आणि आता घाबरून तेच लोक आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणतात. शमुवेलचं उत्तर असं, की तुमच्यासाठी प्रार्थना करायचं थांबणं हे माझ्या हातून परमेश्वराविरुद्ध घडलेलं पाप होईल. लोकांविरुद्ध नव्हे, परमेश्वराविरुद्ध. यिर्मयाच्या २७व्या अध्यायात खऱ्याखोट्या संदेष्ट्याची कसोटीच ही लावली आहे. सगळं ठीक होईल असं भविष्य सांगणाऱ्यांना तो आव्हान देतो, की तुम्ही संदेष्टे असाल तर मंदिरात उरलेली भांडी तरी बाबेलला जाऊ नयेत म्हणून देवापाशी मध्यस्थी करा. क्रियापद तेच, पागा. यहेज्केल याहून कठोर चित्र उभं करतो. शत्रूच्या माऱ्यानं गावकुसाला खिंडार पडलं की कुणीतरी तिथे उभं राहून ते अंगानं भरून काढायचं असतं. देव म्हणतो, देशासाठी माझ्यापुढे त्या खिंडारात उभा राहील असा माणूस मी शोधला आणि मला सापडला नाही. यात एक चक्रावून टाकणारी गोष्ट आहे. चाल करून येणारा देवच, आणि त्याला अडवणारा कुणी भेटला नाही याची तक्रारही देवाचीच. पुढे मध्ययुगीन ज्यू गूढवाद्यांच्या ‘जोहार’ या ग्रंथात नोहाला याच मोजपट्टीनं मोजलं आहे. त्यानं सांगितल्याप्रमाणे तारू बांधलं, घरच्यांना वाचवलं, पण बुडणाऱ्या जगासाठी तोंड उघडलं नाही. मोशेशी तुलना करताना तो कमी भरतो. मला हा निवाडा थोडा कडक वाटतो, कारण नोहाला कुणी सोड म्हटलं नव्हतं. पण परंपरेचा कल कुठे होता ते त्यावरून कळतं.

यावर पहिला आक्षेप न्यायाचा. अपराध झाला, शिक्षा ठरली, आणि कुणी बोलला म्हणून ती टळली, तर हा पक्षपात नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, पण या विनवण्यांचे निकाल एकेक करून पाहिले तर तो सैल पडतो. सदोम जळालंच. वासराच्या प्रसंगात संहार टळला, पण त्याच दिवशी सुमारे ३,००० माणसं मारली गेली. हेरांच्या प्रसंगात तुझ्या शब्दाप्रमाणे क्षमा केली असं देव म्हणतो, आणि लगेच सांगतो की ही पिढी तो देश पाहणार नाही. हेरगिरीच्या ४० दिवसांना ४० वर्षं रानात जातील. मोशेची बहीण मिर्याम हिचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. तिनं मोशेविरुद्ध कुरबुर केली आणि तिचं अंग कोडानं पांढरं पडलं. ज्याच्याविरुद्ध बोलली तोच तिच्यासाठी देवाला हाक मारतो. अवघे पाच हिब्रू शब्द, अकरा अक्षरं: ‘एल ना रेफा ना लाह’. देवा, हिला बरी कर, एवढाच अर्थ, पण त्यात ‘ना’ दोनदा आला आहे. हिब्रूतला हा ‘ना’ विनवणीचा. आपल्या ‘कर ना’मधल्या ‘ना’शी त्याचं काही नातं नाही, पण काम अगदी तेच करतो, त्यामुळे मराठी माणसाला या ओळीसाठी कोश उघडावा लागत नाही. ती ऐकली जाते. तरी मिर्यामला सात दिवस छावणीबाहेर राहावं लागतं, आणि ती परत येईपर्यंत सगळा तांडा मुक्काम हलवत नाही. म्हणजे विनवणीनं दोष पुसला जात नाही, हिशेब रद्द होत नाही. नात्याचा कायमचा शेवट तेवढा टळतो. यात नियम वाकवला असं म्हणणं कठीण आहे.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा, आणि जास्त अवघड. देव सर्वज्ञ असेल तर त्याला पटवायचं काय? आणि तो बदलत नसेल तर त्यानं विचार बदलला याला अर्थ काय? बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज यांनी देवाचा राग, पश्चात्ताप ही सगळी माणसाच्या भाषेतली बोलणी ठरवून हा पेच सोडवला. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं ते ठीक असेल. पण ग्रंथकारांना हा पेच दिसलाच नव्हता असं समजू नये. पहिल्या शमुवेलाच्या १५व्या अध्यायात शौलाला राजा केल्याचा देवाला खेद झाला असं दोनदा येतं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये शमुवेल ठणकावून सांगतो, की खेद करायला देव काही माणूस नव्हे. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच. लिहिणाऱ्याच्या नजरेतून हे सुटलं असेल हे पटत नाही; दोन्ही गोष्टी त्याला ठेवायच्या होत्या. हा ताण कसा पेलायचा याची दिशा यिर्मयाच्या १८व्या अध्यायात, कुंभाराच्या चाकापाशी सापडते. एखाद्या राष्ट्राला मी उपटून टाकतो म्हटलं आणि ते राष्ट्र वळलं, तर मीही वळेन, असं तिथे देव सांगतो. धमकी ही पंचांगातली तिथी नाही. ती बोलून दाखवली जाते याचाच अर्थ अजून वेळ आहे. न बदलणारा आहे तो देवाचा स्वभाव, आणि विनवणी करणारा त्या स्वभावालाच हात घालतो; बदलतो तो निकाल.

ही गोष्ट सर्वांत चांगली कुणाला कळली होती, तर योनाला. कळली होती म्हणूनच तो पळाला. निनवे ही अश्शूरांची नगरी, म्हणजे त्याच्या लोकांच्या वैऱ्यांची. ४० दिवसांत ती उलथेल असं सांगायला त्याला पाठवलं जातं, लोक उपास धरतात, गुराढोरांनाही गोणपाट नेसवतात, आणि नगरी वाचते. योना संतापतो आणि तीच दयेची लक्षणं देवाच्या तोंडावर फेकतो: तू असा आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी पळालो. मोशेनं जे शब्द विनवणीसाठी वापरले ते योना तक्रारीसाठी वापरतो. संदेष्टेपणाचं अर्धं काम त्यानं केलं, निरोप पोचवला. दुसऱ्या अर्ध्याला नकार दिला. शेवटी रदबदली करावी लागते ती देवालाच, तीही योनापाशी, १,२०,००० हून अधिक माणसांसाठी आणि पुष्कळ गुरांसाठी. पुस्तक प्रश्नावरच संपतं, योनाचं उत्तर दिलेलं नाही. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत ज्यू लोक हे पुस्तक वाचतात.

तिसरा आक्षेप इतिहासकाराचा: यात हिब्रूंचं वेगळं ते काय? मेसोपोटेमियाच्या दंडगोल मुद्रांवर एक चित्र पुन्हा पुन्हा कोरलेलं दिसतं, त्यात धाकटी देवता भक्ताचा हात धरून त्याला सिंहासनावरच्या मोठ्या देवापुढे नेते. इ.स.पू. चौदाव्या शतकातला हित्ती राजा मुर्शिली दुसरा देशातली साथ हटावी म्हणून देवांशी चक्क वाद घालतो, बापानं शपथ मोडल्याचं कबूल करतो, आणि माणसंच मेली तर तुम्हाला नैवेद्याची भाकरी कोण देणार, असं देवांना विचारतो. हे सगळं खरं आहे, आणि मिसरी काय म्हणतील हा मोशेचा युक्तिवादही याच घराण्यातला आहे, हे कबूल करायला हवं. देवाच्या अब्रूला हात घालणं ही काही हिब्रूंनी शोधलेली युक्ती नव्हे. पण दोन फरक उरतातच. हिब्रू ग्रंथांत मध्ये उभी राहायला धाकटी देवता नाही, त्यामुळे ती जागा बहुतेक ठिकाणी हाडामासाच्या माणसाला घ्यावी लागते. मेंढपाळाला, गावातल्या म्हाताऱ्याला. दुसरं म्हणजे मुर्शिली स्वतःच्या प्रजेसाठी बोलतो, अब्राहाम परक्यांसाठी बोलतो, ज्यांच्याकडून त्याला काही मिळायचं नव्हतं. बाबेलला पकडून नेलेल्यांना यिर्मया पत्र लिहून सांगतो, की ज्यांनी तुम्हाला नेलं त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. याला तोडीस तोड उदाहरण त्या काळात मला दिसत नाही.

या सगळ्याला मर्यादा आहे, आणि ग्रंथ ती लपवत नाहीत. संदेष्टा आमोस याला टोळधाडीचं दर्शन होतं तेव्हा तो क्षमा कर म्हणतो. आगीचं होतं तेव्हा क्षमा हा शब्द गळतो, नुसतं थांब उरतं. कारण दोन्ही वेळा एकच, याकोब, म्हणजे इस्राएल राष्ट्र, लहान आहे, तो टिकणार कसा. दोन्ही वेळा देव थांबतो. तिसऱ्या दर्शनानंतर आमोस काहीच मागत नाही. यिर्मयाला तर तीनदा सांगितलं जातं, की या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस. मोशे आणि शमुवेल जरी समोर उभे राहिले तरी माझं मन यांच्याकडे वळणार नाही. बंदी तीनदा घालावी लागली, यावरून ती कितपत पाळली गेली ते समजतं. यरुशलेम तरीही पडलं, इ.स.पू. ५८७-५८६ मध्ये. मोशेनं हजारोंसाठी मागितलं ते मिळालं. स्वतःसाठी मागितलं, यार्देन ओलांडून तो देश पाहू दे म्हणून, तर पुरे, यावर पुन्हा बोलू नकोस, असं उत्तर मिळालं. इयोबच्या गोष्टीचा शेवटही याच वळणाचा. त्याचे तीन मित्र पुस्तकभर देवाची वकिली करतात, इयोब देवावर फिर्याद लावतो. शेवटी देव मित्रांवर रागावतो आणि त्यांना इयोबकडेच पाठवतो, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील म्हणून. देवाची बाजू घेणाऱ्यांची सुटका देवाशी भांडणाऱ्याच्या शब्दावर होते. इयोबचे दिवस पालटतात तेही त्यानं मित्रांसाठी प्रार्थना केल्यावर.

रहामीम या जुन्या शब्दाची एक पाटी मुंबईत आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, मराठी नावानं समाजी हसाजी, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या हाती सापडले. समाजाची परंपरा सांगते, की हे कैदी इस्राएल वंशाचे आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईनं मुलापाशी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि त्यांचा जीव वाचला. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत समाजाचं पहिलं प्रार्थनागृह बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं म्हणतात. त्याचं हिब्रू नाव ‘शार हारहामीम’ असं आहे, म्हणजे दयेचा दरवाजा.